फिश टँकची वरची पट्टी तुटते तेव्हा

चार फुटी फिश टँकच्या मधोमध आडवी बसवलेली काचेची पट्टी दिवा ठेवायला असते, असं बऱ्याच घरांत धरून चालतात. टँक साफ करताना तिच्यावर हाताचा भार पडतो, नाहीतर टँक सरकवताना कुणीतरी तिलाच धरतं, आणि ती तडकते. पाणी गळत नाही, मासे मजेत असतात, म्हणून दुरुस्ती पुढच्या रविवारवर जाते. खरं तर समोरची आणि मागची काच जागेवर धरून ठेवायचं काम तीच करत असते.

पाण्याचा दाब टँक किती रुंद आहे यावर नाही, पाणी किती खोल आहे यावर ठरतो. काच १२० सेंमी लांब आणि पाणी ४५ सेंमी खोल असेल, तर त्या एका काचेवर सुमारे १२० किलोचा रेटा असतो. त्यातला बराचसा तळाकडे जातो; साधारण एक तृतीयांश, म्हणजे ४० किलो, वरच्या काठाला पेलावा लागतो. बाजूच्या काचांचा वाटा वजा केला तर मधल्या पट्टीवर २५ किलोच्या आसपास ओढ उरते, तीही रात्रंदिवस. पट्टी गेली की जुन्या भिंतीला येतं तसं काचेला पोट येतं आणि कोपऱ्यांतलं सिलिकॉन ताणलं जातं.

म्हणून आधी पाणी उतरवा. पाण्याची खोली निम्मी झाली की रेटा पाव होतो. त्याआधी हीटर बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबा. गरम हीटर पाण्याबाहेर आला तर त्याची काच तडकते. मासे टँकच्याच पाण्यात, झाकलेल्या टबात, एअर पंप लावून ठेवा. फिल्टरचा स्पंजही त्याच पाण्यात बुडवा. नळाखाली धुतलात तर क्लोरीनने त्यातले उपयोगी जिवाणू मरतील.

टँक पूर्ण रिकामा झाल्यावर आतली रुंदी मध्ये आणि दोन्ही टोकांना मोजा. तिन्ही मापं जुळली तर ठीक. मधलं माप मोठंच राहिलं किंवा कोपऱ्यातलं सिलिकॉन काचेपासून सुटून दुधी दिसायला लागलं असेल, तर नुसत्या पट्टीने भागणार नाही. टँक उघडून नव्याने जोडावा लागेल. भरलेल्या टँकचं पोट क्लॅम्प आवळून आत घ्यायच्या फंदात तर पडूच नका.

आता जोड. इमारतींना काचा चिकटवताना सिलिकॉनवर वाऱ्याचा, म्हणजे थोड्या वेळचा, भार दर चौरस सेंटिमीटरला साधारण १.४ किलोच धरतात; कायमचा भार त्याहून खूपच कमी धरतात. वाऱ्याच्या हिशेबानेही २५ किलोला निदान १८ चौरस सेंमी चिकट पृष्ठभाग हवा, आणि इथली ओढ कायमची असल्याने जितका जास्त तितका बरा. ८ मिमी जाडीची, १० सेंमी रुंद पट्टी नुसती कडेने समोरच्या काचेला टेकवली तर मिळतात ८. तिचं टोक काठालगतच्या लांब आडव्या पट्टीवर निदान अडीच सेंमी चढवलं तर मिळतात २५. काठाला अशा लांब पट्ट्या नसतील तर आधी ५ सेंमी रुंदीच्या दोन पट्ट्या पुढे-मागे बसवून घ्या. नवी पट्टी टँकच्याच जाडीची, आतल्या रुंदीपेक्षा ३ मिमी कमी लांबीची घ्या आणि काचवाल्याकडून कडा घासून घ्या. बाहेरून आलेल्या टँकची प्लॅस्टिकची पट्टी तुटली असेल तरी काचच वापरा. प्लॅस्टिकला सिलिकॉन नीट धरत नाही.

नवं सिलिकॉन वाळलेल्या जुन्या सिलिकॉनला चिकटत नाही, आणि बहुतेक दुरुस्त्या इथेच फसतात. ब्लेडने शेवटचा पापुद्राही खरवडा, अॅसिटोनने पुसा, मग त्या जागेला बोट लावू नका. सिलिकॉन व्हिनेगरसारख्या वासाचं, बुरशीनाशक नसलेलं घ्या. बाथरूमसाठीचं चालत नाही. जोडात १ मिमी जाडीच्या नायलॉन दोऱ्याचे दोन तुकडे ठेवून पट्टी दाबा, म्हणजे सगळं सिलिकॉन बाहेर पिळलं जाणार नाही.

सिलिकॉन उन्हाने नाही, हवेतल्या ओलाव्याने पिकतं, तेही कडेकडून आत, दिवसाला २-३ मिमी. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की काम झटपट होईल असं वाटतं. पण नागपूरच्या त्या कोरड्या हवेत ते उलट रेंगाळतं. श्रावणात लवकर होतं. उन्हाळ्यात कूलर चालू असलेली खोली बरी, फक्त झोत जोडावर नको, नाहीतर धूळ बसेल. अडीच सेंमी रुंद जोडाला आठवडा द्या, आणि वास राहिलाच तर त्याहून जास्त.

भरताना एक तृतीयांश पाणी घाला, दोन तास थांबा, रुंदी मोजा. मग पुढचा हप्ता. मधलं माप ३ मिमीहून जास्त वाढलं तर तिथेच थांबून पाणी काढा. शेवटचे ५ सेंमी दुसऱ्या दिवशी भरा, आणि मासे क्लोरीन काढलेल्या पाण्याचं तापमान टबाशी जुळल्यावरच सोडा.