टारबॉलमधल्या ‘सोर्स’चा घोळ

युनिक्स-लिनक्सवर टारबॉलमधून, म्हणजे एका फाइलीत बांधून दिलेल्या सोर्स कोडमधून, प्रोग्रॅम बांधताना द्यायच्या तीन आज्ञांचा ‘कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल’ हा मंत्र एका दमात म्हटला जात असला, तरी तो एका वेळी तयार झालेला नाही. मेक सर्वांत जुनं, १९७६ चं. एका संशोधन प्रयोगशाळेत कोणाची तरी अख्खी सकाळ बिनचूक प्रोग्रॅममधली चूक शोधण्यात गेली. दुरुस्ती झालेली होती, फक्त फाइल पुन्हा कंपाइल करायची (यंत्राच्या भाषेत उतरवायची) राहिली होती. त्या वैतागातून, बदललेल्या फाइली स्वतःच ओळखून पुन्हा कंपाइल करणारं मेक आलं. (मेकफाइलमध्ये, म्हणजे मेकसाठीच्या सूचनांच्या फाइलीत, आज्ञेच्या ओळीआधी टॅबच हवा हा जाच तेव्हाचाच. डझनभर वापरकर्त्यांची अडचण नको म्हणून तो बदलला नाही. त्यांची ती सोय आपण अजून सोसतोय.)

कॉन्फिगर पुढची. १९८० च्या दशकात युनिक्सचे इतके पोटभेद झाले होते, की आधी मेकफाइल उघडून आपल्या यंत्राच्या ओळी सुरू करायच्या आणि बाकीच्या बंद, हा रिवाजच होता. १९९१ मध्ये आलेल्या ऑटोकॉन्फ या कॉन्फिगर स्क्रिप्ट बनवणाऱ्या साधनाने प्रश्नच बदलला. सिस्टिमचं नाव विचारायचं नाही. अमुक फंक्शन आहे का, तमुक हेडर (फंक्शनांची ओळख देणारी फाइल) सापडतं का, हे चिमुकले प्रोग्रॅम कंपाइल करून बघायचं. हे शहाणपणाचंच होतं. सी भाषेत १९८९ पासून प्रमाणित असलेली हेडरं जागेवर आहेत ना, हे कित्येक स्क्रिप्ट आजही इमानेइतबारे तपासतात, ते सोडा.

खरा वाद दुसऱ्या निर्णयाचा. कॉन्फिगर कोणी हाताने लिहीत नाही. लेखक एक छोटी फाइल लिहितो, एम-फोर या साधनाचे मॅक्रो (मजकूर विस्तारणारे साचे) तिची हजारो ओळींची शेल स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची फाइल, करतात. ही तयार स्क्रिप्ट टारबॉलमध्येच घालून द्यायची असं ठरलं, म्हणजे वापरणाऱ्याकडे शेल, मेक आणि सी कंपाइलर एवढं असलं तरी भागावं. तेव्हाच्या यंत्रांवर हे वरदान होतं. पण त्यामुळे रिपॉझिटरी (लेखक जिथे कोड लिहितात, बदलतात ते कोठार) वेगळी आणि टारबॉल वेगळा झाला, आणि आपण दोघांनाही ‘सोर्स’च म्हणत राहिलो.

जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या मते सोर्स म्हणजे बदल करताना ज्या रूपाला पसंती दिली जाते ते. त्या मापाने कॉन्फिगर वाचता येत असली तरी सोर्स नव्हे. शिवाय ती वाचतो कोण? ‘तयार बायनरीवर (कंपाइल करून दिलेल्या प्रोग्रॅमवर) माझा भरवसा नाही’ म्हणणारेही ती डोळे झाकून चालवत, आणि मेक इन्स्टॉल तर रूट, म्हणजे यंत्राचे सर्वाधिकारी, होऊन.

मेक इन्स्टॉलने कोणत्या फाइली कुठे टाकल्या याची नोंद राहत नाही, हे दुखणं १९९० च्या दशकाच्या मध्यापासून पॅकेज व्यवस्थांनी बरंच कमी केलं. बीएसडीच्या पोर्ट्सनी आणि पुढे जेन्टू या लिनक्सने सोर्सवरून बांधणंही आपोआप होईल असं केलं. आणत मात्र तेही बहुधा टारबॉलच.

फेब्रुवारी २०२४ मध्ये फाइली दाबून लहान करणारं एक्सझेड ५.६.० आलं. त्याच्या टारबॉलमध्ये एक बदललेली एम-फोर फाइल होती, जी रिपॉझिटरीत नव्हती. तिच्यामुळे बांधणी चालू असताना चाचणीच्या म्हणून ठेवलेल्या फाइलींतून लपवलेला कोड निघे आणि लायब्ररीत मिसळे. त्या चाचणीच्या फाइली रिपॉझिटरीतही उघड्यावर होत्या. किल्ली तेवढी टारबॉलमध्ये होती. एसएसएचने दूरच्या यंत्रात लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा पिच्छा एकाने पुरवला म्हणून २९ मार्चला प्रकरण बाहेर आलं.

टारबॉल सोडून थेट गिट रिपॉझिटरीच्या टॅगवरून (आवृत्तीच्या खुणेवरून) बांधावं, ही जुनी मागणी तेव्हापासून पुन्हा जोरात आहे. आणलेली कॉन्फिगर फेकून ऑटोरिकॉन्फने नवी बनवली की झालं, असंही म्हटलं जातं. इथे तेवढ्याने भागलं नसतं: दूषित एम-फोर फाइल टारबॉलमध्येच असल्याने नवी स्क्रिप्टही तिच्यातूनच बनली असती.