न संपणारा सप्टेंबर

ऑनलाइन समूहात नवे सदस्य इतक्या झपाट्याने येऊ लागतात की जुन्यांना त्यांना रीतभात शिकवायला उसंतच मिळत नाही. या अवस्थेला ‘न संपणारा सप्टेंबर’ म्हणतात.

हा शब्दप्रयोग युजनेटवरचा. १९७९ मध्ये ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस या विद्यार्थ्यांना सुचलेले हे चर्चाजाळे बराच काळ मुख्यतः विद्यापीठे व संशोधनसंस्थांपुरते होते. दर सप्टेंबरात विद्यार्थ्यांची नवी तुकडी येई आणि काही आठवडे धुडगूस चाले. कुणाचा तरी लांबलचक संदेश अख्खा पुन्हा चिकटवायचा आणि खाली लिहायचे काय, तर ‘मी पण’! जुनी मंडळी टोकत, नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे आधी वाचून या म्हणून पिटाळत. ऑक्टोबरपर्यंत पोरे वळणावर येत, नाहीतर कंटाळून निघून जात. १९९३-९४ च्या सुमारास अमेरिका ऑनलाइनसारख्या घरोघरी जोडणी देणाऱ्या कंपन्यांनी आपल्या ग्राहकांना युजनेटचे दार उघडून दिले आणि लोंढा बारमाही झाला. १९९३ चा सप्टेंबर संपलाच नाही, असा शेरा जानेवारी १९९४ मध्ये एका सदस्याने मारला; तोच नाव होऊन बसला.

दोष नवख्यांच्या माथी मारण्याची रीत आहे, ती फारशी न्याय्य नाही. आधीचे नवखेही तितकेच अडाणी होते. फरक पडला तो एका जाणत्यामागे किती नवखे, या प्रमाणात.

हे प्रमाण सांभाळण्याचे प्रयत्न पुढे अनेकांनी केले. फेसबुक २००४ मध्ये हार्वर्डपासून सुरू होऊन एकेक विद्यापीठ घेत वाढले आणि २००६ मध्ये (योगायोगाने सप्टेंबरातच) सर्वांना खुले झाले. मेटाफिल्टर या चर्चेच्या संकेतस्थळाने नवी नोंदणी बराच काळ बंद ठेवली आणि २००४ मध्ये ५ डॉलरच्या एकरकमी शुल्कावर पुन्हा उघडली. रक्कम किरकोळ, पण ती भरताना माणूस क्षणभर थबकतो. रेडिट या चर्चास्थळाने २००८ मध्ये सदस्यांनाच उपसमूह काढू दिले. गर्दी वाढली तशी ती वेगवेगळ्या खोल्यांत पांगली.

जुन्यांची रीत जपण्याजोगीच असते असे मात्र नाही. २०२२ च्या अखेरीस ट्विटर सोडून अनेकजण मॅस्टोडॉन या ट्विटरसारख्याच जाळ्यावर आले, तेव्हा जड विषय इशाऱ्याच्या पडद्याआड, म्हणजे वाचणाऱ्याने उघडले तरच दिसतील असे, लिहावेत, हा तिथला संकेत त्यांना शिकवला जाऊ लागला. वर्णद्वेषाचे स्वतःचे अनुभवही झाकून लिहायला सांगतात, अशी तक्रार कृष्णवर्णीय सदस्यांनी केली.