फिट थांबावी, पण माणूस पेंगू नये

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्याला फिटच्या गोळीने झापड येत असेल, तर तो ती गोळी फार दिवस घेत नाही. धोटा धावत असताना डोळा लागून कसं चालेल? गोळीने घरी विड्या वळणाऱ्या बाईचे हात थरथरायला लागले, की तिची रोजची मजुरीच बुडते. मग गोळी परस्पर बंद होते. अशी अचानक सोडलेली गोळी फार महागात पडते. त्यानंतरची फिट कधी कधी थांबता थांबत नाही. म्हणून दुष्परिणाम कमी करणं हा माझ्या मते औषधाचा निम्मा गुण आहे.

फिट येते तेव्हा मेंदूतल्या असंख्य पेशी एकदम भडकतात. १९१२ पासून वापरात असलेलं फेनोबार्बिटल हे औषध पेशींना शांत करणाऱ्या रसायनाचा जोर वाढवतं, त्यामुळे सगळा मेंदूच सुस्तावतो. फिनाइटॉइन फिटवर चालतं हे अमेरिकेतल्या मेरिट आणि पटनम या डॉक्टरांनी १९३८ मध्ये दाखवलं, ते मांजरांना विजेचे झटके देऊन. त्याने तेवढी गुंगी येत नाही, पण काहींच्या हिरड्या सुजतात, तोल जातो. ते मोडून टाकण्याची यकृताची ताकद मर्यादित असते. त्यामुळे डोस जरासा वाढवला तरी रक्तातलं प्रमाण भसकन चढतं.

पुढची कित्येक वर्षं धडधाकट जनावरांना झटका देऊनच औषधं पारखली गेली. लेव्हेटिरासिटॅम हे औषध या परीक्षेत चक्क नापास झालं होतं! मेंदूला वारंवार सौम्य उत्तेजना देऊन ज्यांना फिटची सवय लावली होती, अशा जनावरांत मात्र ते लागू पडलं. अमेरिकेत १९९९ मध्ये त्याला मंजुरी मिळाली आणि ते नेमकं कुठे चिकटतं हे २००४ मध्ये कळलं. पेशींचे निरोप नेणारी रसायनं ज्या इवल्याशा पिशव्यांत साठवलेली असतात, त्यांच्यावरच्या एका प्रथिनाला ते धरतं. बरंचसं लघवीवाटे निघून जातं, यकृतावर फारसा भार टाकत नाही. त्यामुळे इतर औषधांशी सहसा भांडत नाही. काहींना चिडचिड होते, आणि ती रुग्णाआधी घरच्यांना जाणवते. त्याच प्रथिनाला जास्त घट्ट धरणारं ब्रिव्हारासिटॅम २०१६ मध्ये आलं. गोळी बदलल्यावर काहींची चिडचिड ओसरते.

व्हॅल्प्रोएट या फिटच्या औषधाबद्दल मात्र स्पष्टच सांगायला हवं. गरोदरपणी ते चालू असेल, तर शंभरातल्या सुमारे दहा बाळांत जन्मजात दोष आढळतात. मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू होण्याआधीच डॉक्टरांशी हा विषय काढावा.

आजही सुमारे एक तृतीयांश रुग्णांची फिट औषधांनी पूर्ण आटोक्यात येत नाही. अशांनाही उपयोगी पडू शकणारं सेनोबामेट हे औषध २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. सुरुवातीच्या चाचण्यांत डोस भराभर वाढवला तेव्हा काहींना जिवावर बेतणारी ॲलर्जी झाली. मग साडेबारा मिलिग्रॅमपासून सुरुवात करून दर दोन आठवड्यांनी डोस वाढवला. तेराशेहून अधिक रुग्णांच्या त्या चाचणीत अशी ॲलर्जी एकालाही झाली नाही.