‘बस’ म्हटल्यावर कुत्र्याच्या मेंदूत काय घडते?

कुत्रा हा लांडग्याचा वंशज असल्यामुळे त्याला टोळीचा म्होरक्या लागतो आणि घरातला म्होरक्या कोण हे दरडावून दाखवल्याशिवाय तो ऐकत नाही, असे सांगणाऱ्या चित्रफिती समाजमाध्यमांवर आजही आवडीने पाहिल्या जातात. या समजुतीचे मूळ प्राणिवर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणांत आहे. मुक्त लांडग्यांची टोळी म्हणजे बहुधा आईवडील आणि त्यांची पिल्ले असे साधे कुटुंबच असते, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९९९ साली मांडले. पूर्वी आपल्या पुस्तकात त्यांनी स्वतःच म्होरक्याची कल्पना उचलून धरली होती. पण ती त्यांनी सोडून दिल्यानंतरही श्वानप्रशिक्षणाच्या बाजारातून ती काही हटली नाही.

कुत्रा आज्ञा शिकतो तो मुख्यतः परिणामांवरून. खाऊचा तुकडा त्याच्या नाकापाशी धरून हात हळूहळू डोक्यावरून मागे नेला, की नाक वर उचलले जाते आणि मागचे धड आपोआप जमिनीला टेकते. त्याच क्षणी खाऊ मिळाला तर बसण्याची ती कृती पुढे वाढत जाते. वरवर सोप्या दिसणाऱ्या या गोष्टीमागची मेंदूतील यंत्रणा मात्र विलक्षण आहे.

मेंदूचे अभ्यासक वुल्फ्रम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मध्यमेंदूतील डोपामिन (शिकण्यात महत्त्वाचे असलेले मेंदूतील संदेशवाहक रसायन) स्रवणाऱ्या चेतापेशींचे विद्युत्संकेत नोंदवले. रसाचा थेंब अनपेक्षितपणे मिळाला की या पेशी जोमाने संकेत देत. रसाआधी दर वेळी एक खूण दाखवली जाऊ लागली, तेव्हा शिकून झाल्यावर हा प्रतिसाद खुणेकडे सरकला आणि खुद्द रसाला पेशी जवळजवळ दाद देईनाशा झाल्या. खूण दिसूनही रस मिळाला नाही, तर तो मिळायला हवा होता नेमक्या त्याच क्षणी त्यांची क्रिया नेहमीच्या पातळीखाली जाई. म्हणजे या पेशी बक्षिसाची नव्हे, तर प्रत्यक्ष बक्षीस वजा अपेक्षित बक्षीस या फरकाची नोंद ठेवतात. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट रेस्कोर्ला आणि ॲलन वॅग्नर यांच्या १९७२ च्या समीकरणात शिकण्याचा वेग याच फरकाच्या प्रमाणात ठरतो. फरक धन असेल तर खूण आणि बक्षीस यांचे साहचर्य, म्हणजे मनातली जोड, वाढते, ऋण असेल तर घटते आणि शून्यावर आला की शिकणे थांबते. कुत्र्यांना एमआरआय यंत्रात निश्चल पडून राहायला शिकवून मेंदूचे अभ्यासक ग्रेगरी बर्न्स यांनी २०१२ साली दाखवले, की खाऊ मिळणार असे सुचवणाऱ्या हाताच्या खुणेला त्यांच्या मेंदूतील पुच्छकेंद्रक हा बक्षिसाच्या अपेक्षेशी निगडित भाग अधिक प्रतिसाद देते.

येथून वेळेचे महत्त्व उलगडते. कुत्रा बसला, आपण खिशात हात घालून खाऊ शोधू लागलो आणि तेवढ्यात तो उठून उभा राहिला, तर ते बक्षीस उभे राहण्याच्या खात्यावर जमा होते. म्हणूनच प्रशिक्षक ‘टिक्’ असा आवाज करणारा क्लिकर वापरतात. त्या आवाजापाठोपाठ दर वेळी खाऊ मिळत गेला की आवाजच खाऊची खात्री देऊ लागतो आणि कृतीचा नेमका क्षण टिपता येतो. तासाभरापूर्वी कुरतडलेल्या चपलेबद्दलची शिक्षा याच कारणाने वाया जाते. त्या वेळचा कुत्र्याचा ‘अपराधी’ चेहरा हा गुन्ह्याचा कबुलीजबाब नव्हे. श्वानवर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांच्या २००९ च्या प्रयोगात तो चेहरा कुत्र्याने खरोखर आगळीक केली होती की नाही यापेक्षा मालक रागावला होता की नाही यावर अवलंबून असल्याचे दिसले.

पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारण्याची सवय मोडताना हाच हिशेब उलट बाजूने चालतो. सगळ्यांनी दुर्लक्ष करायला सुरुवात केली की उड्या आधी वाढतात आणि मग हळूहळू ओसरतात. त्या वाढलेल्या टप्प्यात घरातल्या एखाद्याने कंटाळून त्याला कुरवाळले, तर अधिक जोराने उडी मारणे फायद्याचे असते एवढेच तो शिकतो. शिवाय अधूनमधून फळ देणारी सवय नेहमी फळ देणाऱ्या सवयीपेक्षा जास्त चिवट असते. त्यामुळे नुसत्या दुर्लक्षावर न थांबता चारही पाय जमिनीवर असतील तेव्हा लगेच लक्ष द्यावे.

सात दिवसांत आज्ञाधारक कुत्रा अशी हमी देणारे आणखी एक गोष्ट गाळतात. स्वयंपाकघरात हमखास बसणारा कुत्रा बागेत तोच शब्द ऐकून ढिम्म उभा राहतो, कारण जागा, वास आणि भोवतीची माणसे हाही त्याने शिकलेल्या खुणेचा भाग असतो. नव्या जागी पुन्हा सोप्या पायरीपासून आणि दर वेळी खाऊ देऊन सुरुवात करावी लागते. मात्र तेथे लागणारा वेळ पहिल्यापेक्षा बहुधा कमी असतो.