पिंजऱ्यातील मिंकचे वर्तन: नोंदींच्या रकान्यांमागचा इतिहास

मिंक हा पाणमांजराच्या कुळातला, उत्तर अमेरिकेतील नदी-तळ्यांकाठी एकट्याने वावरणारा शिकारी प्राणी आहे. विसाव्या शतकात फरसाठी तो युरोपात आणला गेला आणि पोहण्यात तरबेज असलेल्या या प्राण्याच्या वाट्याला सुमारे ९० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद जाळीचा पिंजरा व त्याला जोडलेली झोपण्याची पेटी आली. खाणे मिळण्याच्या वेळेआधी अशा पिंजऱ्यासमोर उभे राहिल्यास एखादा मिंक या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्या येरझाऱ्या घालताना आणि वळताना दरवेळी मानेला तसाच झटका देताना दिसतो.

निरीक्षकाने नोंदवहीत या हालचालींना नाव कोणते द्यायचे, म्हणजे त्या कोणत्या रकान्यात लिहायच्या, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. प्राणिवर्तनाच्या अभ्यासक जॉर्जिया मेसन यांनी १९९१ मधील आढाव्यात साचेबद्ध वर्तनाची व्याख्या मांडली: पुनःपुन्हा होणारे, न बदलणारे आणि उघड हेतू किंवा उपयोग नसलेले वर्तन. पण पुढच्या पंजांनी जाळी खरवडत राहणे येरझाऱ्यांच्याच रकान्यात मोजावे काय, यावर मतभेद राहिले. पुढील संशोधनात या प्रकारांची कारणे व त्यांवरचे उपाय वेगवेगळे असल्याचे आढळले. डेन्मार्कमध्ये तर जाळीतून काडी आत सरकवून मिंक कुतूहलाने जवळ येतो, घाबरून मागे सरतो की चावायला धावतो, यावरून स्वभावाचे वर्गीकरण होऊ लागले.

निव्वळ मोजणीतून प्राण्याला काय हवे आहे, हे मात्र कळत नव्हते. म्हणून मेसन आणि सहकाऱ्यांनी १६ मिंकना वजन लावून जड केलेली दारे ढकलायला लावली. २००१ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार पाण्याच्या हौदासाठी त्यांनी सर्वाधिक जोर लावला, आणि हौद बंद केल्यावर त्यांच्या लघवीतील कॉर्टिसोल हे ताणाचे संप्रेरक अन्न तोडल्यावर वाढते जवळपास तितकेच वाढले.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे वळण २०१२ चे आहे. तोवर स्वस्थ पडलेला मिंक शांत समजला जाण्याचा धोका होता. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या अभ्यासात मात्र ओक्याबोक्या पिंजऱ्यातील मिंक समोर आलेल्या प्रत्येक गोष्टीकडे, अगदी भीतिदायक वस्तूकडेही, लवकर धावले. आणि त्यांतही जे एरवी जागेपणी अधिक वेळ निश्चल पडून असत, त्यांचीच उत्सुकता सर्वांत तीव्र निघाली; म्हणजे ते निवांत नसून कंटाळलेले असावेत. पडून असलेल्या मिंकचे डोळे मिटलेले आहेत की उघडे, हे वेगळे नोंदवण्याला यातून अर्थ आला.