बर्लिनची भिंत जर्मनीच्या मधून जात नव्हती

स्पर्धा परीक्षेच्या मुलांना जगाचा इतिहास शिकवतो. शीतयुद्धाचं प्रकरण आलं की पहिल्या तासाला फळ्यावर जर्मनीचा ओबडधोबड आकार काढायचा आणि एकाच्या हातात खडू द्यायचा, ही माझी जुनी खोड. ‘बर्लिनची भिंत दाखव.’ बहुतेक जण वर बाल्टिक समुद्रापासून खाली बव्हेरियापर्यंत एक सणसणीत उभी रेघ ओढतात. ‘आता बर्लिन दाखव.’ खडू त्याच रेघेवर मधे कुठेतरी टेकतो. एकदा एका मुलीने बर्लिन बरोबर जागी, पार उजवीकडे, पोलंडच्या बाजूला काढलं. मग रेघेकडे बघितलं, बर्लिनकडे बघितलं आणि म्हणाली, ‘सर, मग भिंत इथपर्यंत आली कशी?’

तिचं निम्मं काम तिथेच झालं होतं. बाकीच्यांचा दोष मी त्यांना देत नाही. ‘पूर्व आणि पश्चिम जर्मनीला विभागणारी भिंत कोणती?’ हा प्रश्न मी इतक्या नोट्समध्ये आणि सराव-प्रश्नसंचांमध्ये पाहिला आहे की आता वाद घालायचाही कंटाळा येतो. उत्तराच्या चार पर्यायांत बरोबर उत्तर नसतंच.

भिंतीबद्दल तुम्हाला जे माहीत आहे ते बरोबर आहे, म्हणून ते भरभर उरकतो. 13 ऑगस्ट 1961, रविवारची पहाट, आधी काटेरी तार, मग विटा, मग काँक्रीट. शहराचे दोन तुकडे, टेहळणीचे मनोरे, पळणाऱ्यांवर गोळीबार, किमान 140 मृत्यू. 9 नोव्हेंबर 1989 ला दरवाजे उघडले. आता दुसऱ्या गोष्टीकडे वळू, जिचं नाव फारसं कुणी घेत नाही.

दोन जर्मनींच्या मधे खरोखरच एक सीमा होती. जर्मन लोक तिला जर्मन-जर्मन सीमा म्हणत. लांबी जवळपास 1,400 किलोमीटर. ती शेतांतून, जंगलांतून, हार्झच्या डोंगरातून जायची आणि तिचा बर्लिनच्या भिंतीशी कुठेही सांधा नव्हता. सीमेवरच्या हेल्मस्टेट नाक्यावरून पश्चिम बर्लिनला मोटारीने जायचं तर पूर्व जर्मनीतून 170 किलोमीटरच्या आसपास रस्ता कापावा लागे, म्हणजे मुंबई-पुण्यापेक्षा जरा जास्तच. बर्लिन पूर्व जर्मनीच्या पोटात होतं, कडेला नव्हे.

मग तिथे पश्चिमेचं काय काम? दुसरं महायुद्ध संपल्यावर विजेत्या चौघांनी, अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत संघाने, देश वाटून घेतला तसं राजधानीचं शहरही वेगळं वाटून घेतलं. शहर सोव्हिएत वाट्याच्या मधोमध होतं, तरी त्याचे चार भाग झाले. त्यातले तीन मिळून पश्चिम बर्लिन. चहूबाजूंनी कम्युनिस्ट राज्य आणि मधे हे वीसेक लाख वस्तीचं बेट. आपल्याकडे दादरा-नगर हवेली आठवून पाहा. समुद्रावरच्या दमणहून तिथे जायची पोर्तुगिजांची वाट भारताच्या अंगणातून होती. 1954 मध्ये ती बंद झाल्यावर ते हेगच्या न्यायालयात गेले, पण मुलूख काही परत मिळाला नाही. बेटाचा मालक किती बलाढ्य आहे यापेक्षा वाट कुणाच्या हातात आहे हे आधी बघायचं असतं.

भिंत होती ती या बेटाभोवती. एकूण 155 किलोमीटर, त्यातली 43 किलोमीटरच काय ती पूर्व आणि पश्चिम बर्लिनच्या मधे. उरलेली पश्चिम बर्लिन आणि बाहेरच्या पूर्व जर्मन गावा-शिवारांच्या मधे. त्या भिंतीला दोन टोकं नव्हतीच. निघालात की फिरून तिथेच याल. फळ्यावर ती रेघ नाही, कडं आहे.

इथवर मुलं माना डोलावतात आणि लगेच पुढच्या खड्ड्यात पडतात. ‘म्हणजे सर, कम्युनिस्टांनी पश्चिम बर्लिनच्या लोकांना कोंडलं?’ खरा घोटाळा हा आहे, नकाशाचा तर सोपाच होता. कडं पश्चिम बर्लिनभोवती होतं, पण कोंडलेले लोक कड्याच्या बाहेर होते. आतला माणूस विमानाने किंवा ठरावीक रस्त्याने पश्चिम जर्मनीत जाऊ शकत होता, पॅरिसला जाऊ शकत होता. बाहेरचा, म्हणजे पूर्व जर्मनीचा नागरिक, आत येऊ शकत नव्हता. आणि आत येणं म्हणजेच त्याच्यासाठी देशाबाहेर पडणं होतं. भिंतीची रचना बघा. पूर्वेकडून येणाऱ्याला आधी एक आतली भिंत, मग इशारा देणारी तार, मनोरे, दिवे, नांगरलेली मऊ वाळू, जिच्यावर पाऊल उमटावं, आणि अगदी शेवटी ती चित्रांनी रंगलेली साडेतीन मीटरची भिंत. फोटोत आपण पाहतो ती भिंत पळणाऱ्यासाठी शेवटचा अडथळा होती. सगळी मांडणी पूर्वेकडे तोंड करून. सरकार मात्र तिला ‘फॅसिझमविरोधी संरक्षक तटबंदी’ म्हणायचं. शत्रू पश्चिमेला आणि सापळे पूर्वेला, अशी तटबंदी मी तरी दुसरी ऐकलेली नाही.

आता 1961 च का? सोळा वर्षं हे लोक काय करत होते? याचं उत्तर दोन सीमा वेगळ्या केल्याशिवाय सापडतच नाही, आणि म्हणून मी या फरकासाठी एवढा हट्ट धरतो.

जर्मन-जर्मन सीमा 26 मे 1952 रोजी बंद झाली, भिंतीच्या नऊ वर्षं आधी. सीमेलगत दहा मीटरचा नांगरलेला पट्टा, त्यामागे 500 मीटरचा, त्यामागे पाच किलोमीटरचा परवानगीचा पट्टा. ज्यांच्या निष्ठेबद्दल शंका होती अशा हजारो लोकांना सीमेवरच्या गावांतून रातोरात हलवण्यात आलं. या कारवाईचं गुप्त नाव होतं ‘उंगेत्सीफर’, म्हणजे ढेकूण-झुरळांसारखी घाण. स्वतःच्याच शेतकऱ्यांसाठी सरकारने निवडलेला शब्द!

पण बर्लिन शहराच्या आतली हद्द उघडीच राहिली. चौघांच्या कराराने शहर अजूनही कागदोपत्री एकच होतं, ते परस्पर कापणं सोव्हिएत संघालाही जड होतं. त्यामुळे विचित्र प्रकार झाला. देशाची 1,400 किलोमीटरची कड शिवून टाकलेली आणि बरोबर पोटात एक भोक. पूर्व जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या डॉक्टरला सीमेकडे जायची गरजच नव्हती. पूर्व बर्लिनची गाडी पकडायची, वाटेतल्या तपासणीत संशय येऊ नये म्हणून सामान कमी घ्यायचं आणि पूर्व बर्लिनमधून लोकलने दोन-चार स्टेशनं पुढे जाऊन उतरायचं. पश्चिम बर्लिनमध्ये मारिएनफेल्डे इथे निर्वासितांची छावणी होती, तिथे नाव नोंदवायचं. तिथून पुढचा प्रवास विमानाने, कारण रस्त्याने गेलं तर पुन्हा पूर्व जर्मनीच्याच पोलिसांच्या हातात.

1949 ते 1961 या काळात सुमारे 27 लाख लोक पूर्व जर्मनी सोडून गेले, साधारण सातातला एक. त्यात तरुण जास्त, डॉक्टर, इंजिनिअर, शिक्षक जास्त. एकट्या जुलै 1961 मध्ये 30 हजारांच्या वर. 15 जूनच्या पत्रकार परिषदेत पूर्व जर्मनीचा नेता वॉल्टर उलब्रिख्त याला सीमेबद्दल प्रश्न आला, भिंत हा शब्द विचारणाऱ्या पत्रकाराने उच्चारलाही नव्हता, आणि तो म्हणाला, ‘भिंत उभारण्याचा कुणाचाही इरादा नाही.’ दोन महिन्यांनी भोक बुजलं.

म्हणून मी मुलांना सांगतो, सीमा ही गोणी आणि भिंत ही त्या गोणीचं भोक बुजवणारा बोळा. बोळ्यालाच गोणी म्हणू नका.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. एक मात्र सांगतो, कारण त्यावर मी पैजा जिंकलो आहे. बर्लिनच्या भिंतीत भूसुरुंग नव्हते. जगाचे कॅमेरे समोर होते. सुरुंग आणि तारेला धक्का लागताच आपोआप छर्रे उडवणारी यंत्रं होती ती दूरच्या जर्मन-जर्मन सीमेवर, जिथे बघायला कुणी नव्हतं. ती यंत्रं 1984 पर्यंत काढली गेली. आणि तिकडे काँक्रीट थोडंच, बहुतेक ठिकाणी लोखंडी जाळीचं कुंपण.

बर्लिनची नाकेबंदी हा वेगळाच तिसरा विषय, तोही लोक भिंतीत कालवतात. ती जून 1948 ते मे 1949. तेव्हा भिंत सोडाच, पूर्व जर्मनी नावाचा देशही जन्माला आला नव्हता, तो ऑक्टोबर 1949 चा. त्या वेळी सोव्हिएत सैन्याने रस्ते आणि रेल्वे अडवली. हवाई मार्गांचा लेखी करार 1945 मध्येच झाला होता, रस्त्यांचा तसा लेखी करार नव्हता. म्हणून कोळसा आणि पीठ विमानांनी गेलं. तिथे बेटावर येणारा माल अडवला होता, 1961 मध्ये बेटावर येणारी माणसं. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

‘लिटल बर्लिन’ या नावाने आणखी गोंधळ उडतो. म्योडलारॉइट हे पन्नासेक वस्तीचं खेडं. मधून टानबाख नावाचा ओढा वाहतो, उडी मारून ओलांडता येईल एवढा. ओढ्याच्या एका काठाला पश्चिमेतलं बव्हेरिया, दुसऱ्या काठाला पूर्वेतलं थुरिंगिया. 1966 मध्ये तिथे 700 मीटरची काँक्रीटची भिंत आली. पश्चिमेकडचा माणूस ओढ्यापलीकडच्या नातेवाइकांना हात करू शकत होता, पलीकडच्यांना उलट हात करायला बंदी होती. हुबेहूब बर्लिनचं दृश्य, म्हणून ते टोपणनाव. पण ही भिंत जर्मन-जर्मन सीमेची, बर्लिनपासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर. आज तिचा एक तुकडा संग्रहालयात उभा आहे. गाव अजूनही दोन राज्यांत आहे आणि अर्ध्या गावाचा पिनकोड वेगळा आहे.

आणि ते फुग्याचं प्रकरण. सप्टेंबर 1979 मध्ये दोन कुटुंबं, चार मोठी माणसं आणि चार मुलं, घरी शिवलेल्या गरम हवेच्या फुग्यातून रात्री उडाली आणि अर्ध्या तासाच्या आत पश्चिमेला उतरली. वेगवेगळ्या दुकानांतून थोडं थोडं कापड गोळा केलेलं. ही गोष्ट दर दोन-तीन महिन्यांनी व्हॉट्सअॅपवर येते आणि दर वेळी ‘बर्लिनची भिंत ओलांडून’ याच शब्दांत. बर्लिनची भिंत ओलांडायला फुगा कशाला? तिथे लोकांनी भुयारं खणली, कारण पलीकडचं तळघर शे-दीडशे मीटरवर होतं. ही कुटुंबं थुरिंगियातल्या प्योसनेक गावाजवळची. त्यांच्यापुढे सुरुंग होते, जाळी होती, कित्येक किलोमीटरचा निषिद्ध पट्टा होता, जमिनीवरून आणि जमिनीखालून दोन्ही वाटा बंद. उतरले ते बव्हेरियातल्या नाइला गावाजवळ. आपण पश्चिमेत आहोत की अजून पूर्वेतच, हे उतरल्यावरही त्यांना कळेना. समोर आलेल्या पोलिसांना त्यांनी आधी तेच विचारलं.