मिडलवेअर कुठेही लावलं तरी चालतं? नाही चालत!

आमच्या रत्नागिरीच्या पोरांच्या ग्रुपवर परत कोणीतरी तेच टाकलंय, की मिडलवेअर (ब्राउझरची रिक्वेस्ट, म्हणजे मागणी, आली की उत्तर जाण्याआधी मधे चालणारी फंक्शनं) म्हणजे नुसती सेटिंग, फाइलीत वर लावा नाहीतर खाली, फ्रेमवर्क (साइट बनवायचा तयार सांगाडा) बघून घेतं. अजिबात नाही घेत हो. मी पण हेच धरून चाललेलो आणि मागच्या सीझनला मित्राच्या आंब्याच्या साइटवर डोकं धरून बसलो, फॉर्मात पाच डझनाची पेटी भरली की सर्व्हरच्या लॉगमध्ये ऑर्डरच्या जागी 'अनडिफाइन्ड' (म्हणजे काहीच नाही), दोन तास गेले आणि निघालं काय, तर एक्सप्रेसमधली (हे जावास्क्रिप्टचं फ्रेमवर्क) जेसन, म्हणजे फॉर्मातून आलेला डेटा, वाचणारी लाइन मी ऑर्डरच्या राउटच्या (ऑर्डर घेणाऱ्या कोडच्या) खाली लिहिलेली.

एक्सप्रेस तुम्ही लिहिता त्याच क्रमाने एकेक फंक्शन चालवतं, आणि त्या फंक्शनने 'नेक्स्ट' (पुढे जा) म्हटलं तरच रिक्वेस्ट पुढे. नेक्स्ट विसरलात आणि उत्तरही पाठवलं नाहीत तर ब्राउझर गोल गोल फिरत बसतो. क्रम चुकवणं म्हणजे पेटीला खिळे ठोकून झाल्यावर आंबे निवडायला बसण्यासारखं आहे. एरर पकडणारं, चार आर्ग्युमेंटवालं (कंसात चार नावं घेणारं) मिडलवेअर मात्र सगळ्यात शेवटीच (चौथं वापरत नसलात तरी लिहायचं, नाहीतर एक्सप्रेस त्याला साधं मिडलवेअर समजतं).

जँगोत (पायथनचं फ्रेमवर्क) पण क्रम लागतोच, फक्त तिथे रिक्वेस्ट यादीत वरून खाली जाते आणि रिस्पॉन्स खालून वर येतो. ऑथेंटिकेशनवालं (यूजर ओळखणारं) मिडलवेअर सेशनच्या (यूजरची माहिती लक्षात ठेवणाऱ्या) मिडलवेअरच्या खालीच हवं, कारण लॉगिन कोणी केलंय ते सेशनमधूनच कळतं ना.

आणि लॉगिंग (रिक्वेस्टची नोंद ठेवणारं मिडलवेअर) वर टाका रे, खाली टाकलंत तर आधीच उत्तर मिळून गेलेल्या रिक्वेस्ट त्याला दिसतच नाहीत.